धरणारीचं माप

ज्या दिवशी थोरलीच्या मनगटाला प्लास्टर चढलं, त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याने, म्हणजे दादांनी, चालणं सोडलं. आदळआपट नाही, रुसवाफुगवा नाही. धाकटा भाऊ वहिनीला दवाखान्यातून घेऊन आला, तेव्हा दादा खुर्चीत बसले होते. त्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र हाताकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आता बास. मी पडलो तर पडलो, त्याचं काही नाही. पण हिच्या अंगावर परत पडणार नाही."

"तुम्ही काय मुद्दाम पडलात का?" थोरली म्हणाली.

"मुद्दाम पडलो असतो तर दुसऱ्या बाजूला पडलो असतो."

दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. एका वळणावर ट्रक कलंडला आणि कंबर, डावी मांडी, डावा खांदा, सगळं एकदमच मोडलं. हाडं जुळली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून शाबासकीही दिली. पण डावा गुडघा बेभरवशाचा झाला. बरा चालता चालता मध्येच दगा द्यायचा. खांद्यामुळे वॉकरवर भार टाकता येईना, म्हणून थोरली त्यांच्या काखेत हात घालून त्यांना घरातल्या घरात फिरवायची. आता थोरली उभी राहिली की दादांच्या खांद्यालाही पोचत नाही. त्यांच्या लग्नातच धाकटा म्हणाला होता की दादा म्हणजे कपाट आणि वहिनी म्हणजे कपाटाला टेकवून ठेवलेली छत्री. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी गुडघा गेला, आणि कपाट छत्रीवर आलं.

हे सगळं धाकटीने पाहिलं होतं. धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. तिचं घर त्याच जिन्यावर, वरच्या मजल्यावर. लहानग्या मुलीला काखेत मारून दिवसातून दहादा ती खाली यायची. मुलीचं पाळण्यातलं नाव कागदोपत्रीच राहिलं होतं. सगळं घर तिला मुंगी म्हणायचं, कारण ती सतत जमिनीवरचं काहीतरी उचलून तोंडात घालायची.

प्लास्टर निघालं तरी दादा उठले नाहीत. व्यायामवाल्या बाई घरी यायच्या, त्यांचा गुडघा वाकवायच्या, सरळ करायच्या. दादा सगळा व्यायाम बसल्या बसल्या निमूटपणे करायचे, पण "आता उभे राहूया" म्हटलं की मान हलवायचे. एक दिवस निघताना बाई दारातच थांबल्या आणि हळू आवाजात थोरलीला म्हणाल्या, "हाडं जुळली ती चालण्यासाठी. असेच बसले तर सांधा आखडेल, मांडी वाळेल. मग मी रोज आले तरी काही करता येणार नाही."

"किती वेळ आहे आपल्याकडे?" थोरलीने विचारलं.

"मी काही तारीख देणार नाही. पण महिन्याभरात चालायला लागले नाहीत, तर पुढे खुर्चीच."

थोरलीच्या मागे धाकटी उभी होती. आणि तिच्या मनात एक विचार वर आला. तो इतका सोपा होता की आजवर सुचला कसा नाही याचंच तिला नवल वाटलं.

कारण धाकटीचा धंदाच मुळी पडणाऱ्या माणसाला धरण्याचा होता. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, मनोऱ्यांवर चढणारे, बाहेरून भिंती रंगवणारे, या सगळ्यांच्या अंगावर जे पट्टे असतात, ते ती करायची. नुसती शिवायची नाही, तर नवा नमुना तीच काढायची: कुठली पट्टी कुठून जाईल, कडी कुठे बसेल, झटका आला की भार कुठल्या शिवणीवर जाईल. मुंगी झाल्यावर कारखान्याने एक मशीन तिच्या घरी पाठवून दिलं होतं. मुंगी झोपली की ती स्पंजच्या गुंडाळ्यांच्या बेचक्यात तिला ठेवायची आणि मशीनवर बसायची. मशीनच्या खडखडाटात पोर ढाराढूर झोपायचं. मशीन थांबलं की मात्र जागं व्हायचं.

चालणाऱ्याला मागून धरायचा तयार पट्टा धाकट्याने बाजारातून आणून पाहिला होता. तो वर सरकून दादांच्या बरगड्यांना काचला. एकदा बांधला, तो परत पिशवीत गेला.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "दादांचा पट्टा मी करते."

"कर बाई. तुझ्या पट्ट्यावर माणसं आभाळात लोंबकळतात. हे तर जमिनीवरच आहेत."

ते बोलणं धाकटीने कौतुक म्हणूनच घेतलं. त्यातच तिची चूक दडलेली होती, पण ते कळायला अजून आठवडा होता.

आठवडाभर तिने मान वर केली नाही. खांद्यांवरून दोन पट्ट्या, छातीवर एक, मांड्यांभोवती दोन, आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मजबूत मूठ. उंचावरच्या माणसाची कडी तिथेच असते. झटका बसला की माणूस उभाच्या उभा राहतो, उलटा होत नाही. मूठ तिने तिहेरी शिवली. मग पट्टा घेऊन ती कारखान्यात गेली. तिथे तुळईला वाळूचं पोतं टांगायची सोय होती. दादांच्या वजनाचं पोतं भरलं, पट्टा चढवला आणि सोडून दिलं. पोतं खाली आलं, झटक्याने थांबलं, गरागरा फिरलं आणि शांत झालं. एक टाका उसवला नाही. परत येताना धाकटीची छाती अशी फुगली होती की तिला वाटलं, आपल्यालाच आता पट्ट्याची गरज आहे.

रविवार होता. बाईही आल्या होत्या. दादा पट्टा पाहून म्हणाले, "हे एवढं सगळं? मला कुठे पाठवताय?"

"पाठवत नाही, इथेच फिरवतोय," धाकटा म्हणाला. तो दादांच्या पुढ्यात उभा राहिला. तो असताना दादा उभे राहायला कसेबसे तयार झाले होते. थोरली मागे गेली आणि तिने हात वर करून मूठ पकडली. हात चांगलाच वर करावा लागला. चवडे उंचावून फळीवरचा डबा काढताना उभं राहतात, तशी ती उभी होती.

दादा उठले. डाव्या पायावर भार देऊन पाहिला. मग पाऊल टाकायला ते किंचित पुढे झुकले, आणि त्यांना झुकलेलं पाहताच थोरलीला वाटलं, हे पडले. तिने मूठ खेचली. दादांची छाती मागे गेली, पोट पुढे आलं, पायांची बोटं जमिनीवरून सुटली. उचललेला पाय हवेतच राहिला. तो पुढे जाईना, खाली येईना. थोरलीच्या मनगटातून कळ गेली, तिचा चेहरा पिळवटला. धाकट्याने झटकन दोघांना सावरलं आणि दादांना खुर्चीत बसवलं.

मुंगीने खालून पट्ट्याचं टोक तोंडात घातलं.

"काढा हे," दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "वाळत घातल्यासारखं वाटतंय."

धाकटीने बकलं उघडली. रोज हातातून शेकड्याने जाणारी बकलं, पण आज तिची बोटं त्यांच्यावरून घसरत होती. तिने पट्टा गोळा केला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर टाकला. बाई तिच्या मागोमाग आल्या. त्यांनी पट्टा उलटासुलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कशावर तपासलंस?"

"पोत्यावर. वाळूच्या."

"पोत्याला पाय असतात?"

थोरली पाण्याचा पेला घ्यायला आत आली होती. तिला इतक्या सगळ्यातही हसू फुटलं. "बाई, तिला रागावू नका. आमच्याकडचं पोतं पाय असूनही चालत नाही."

"रागावत नाही," बाई म्हणाल्या. "तू पडणाऱ्याला धरतेस ना? मग तुला तेच दिसणार. चालणाऱ्याला वरून धरलं की तो चालत नाही, लोंबतो. इकडे ये. हात दे."

त्यांनी धाकटीला आपल्या मागे उभं केलं आणि तिचे दोन्ही तळहात आपल्या कमरेच्या हाडांवर ठेवले. "डोळे मिट. मी चालणार आहे. मी पाऊल उचलायच्या आधी सांग, कुठलं उचलणार."

"उचलायच्या आधी मला कसं कळणार?"

"तुला नाही कळणार. हातांना कळेल."

धाकटीने डोळे मिटले. आधी काहीच कळलं नाही. कापडाची ऊब, हाडाची गोलाई, बस. बाई स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या, वळल्या, परत आल्या. धाकटी आंधळ्यासारखी मागे फरपटत होती. "उजवा," ती म्हणाली, तेव्हा पाऊल पडूनही गेलेलं होतं. "डावा," तोही पडला होता. "आता..." आणि मग तिच्या उजव्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. अगदी थोडं. झोपलेलं मूल कूस बदलायच्या आधी क्षणभर जड होतं ना, तसं. सगळा भार हळूच उजवीकडे वाहिला, उजवं हाड तिच्या तळव्यात येऊन बसलं, डावं हलकं झालं, रिकामं झालं. "डावा," तिच्या तोंडून गेलं, आणि त्यानंतर, चक्क त्यानंतर, डावा पाय उठला.

ती थांबली. बाई थांबल्या.

"कळलं?"

धाकटी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. एवढी वर्षं आपण चालतो आहोत, आणि एक पाय उचलायच्या आधी सगळं शरीर गुपचूप दुसऱ्या पायावर जाऊन बसतं, त्याला विचारतं, घेशील ना रे मला, आणि त्याने हो म्हटल्यावरच पहिला सुटतो. प्रत्येक पावलाला. कुणी शिकवलेलं नाही, कुणी बघत नाही. आणि मग तो भार पुढे कलतो, म्हणजे खरं तर पडायलाच लागतो, आणि सुटलेला पाय पुढे जाऊन त्याला झेलतो.

"म्हणजे आपण सारखे पडतच असतो," ती म्हणाली.

"पडतो आणि झेलतो. त्यालाच चालणं म्हणतात. तुझ्या पट्ट्याने त्यांचं पडणंच बंद केलं. मग चालणार कसे?"

त्या संध्याकाळी धाकटी मुंगीला घेऊन दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर बसूनच राहिली. दुकानं उघडी होती, माणसं कामावरून परतत होती. नेहमीचाच रस्ता. पण आज तिला माणसांचे चेहरे दिसेनात, नुसत्या कमरा दिसू लागल्या. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली बाई, दर पावलाला इकडून तिकडे वाहणारी, भरलेल्या घागरीसारखी आणि तरी एक थेंब न सांडणारी. फोनवर कुणाशी तरी भांडत जाणारा माणूस: तोंड भांडत होतं आणि खाली कंबर शांतपणे आपलं काम करत होती, पुढे कलत होती, पाय येऊन तिला झेलत होता. काठी टेकत जाणारे आजोबा. त्यांचा भार आधी काठीला विचारायचा, मग पायाला, मग निघायचा. उड्या मारत जाणाऱ्या पोरी, एकाच वेळी दोन्ही पाय सोडून देणाऱ्या, भार हवेत टाकून खुशाल हसणाऱ्या. शेकडो माणसं रस्त्यावरून पडत होती आणि शेकडो माणसं स्वतःला झेलत होती, आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. धाकटीचे डोळे भरून आले. दुःख नव्हतं ते. एखाद्या मोठ्या दालनात चुकून शिरावं आणि वर बघितल्यावर छत दिसूच नये, तसं काहीतरी.

दुधाची पिशवी विसरून ती घरी आली.

"दूध?" नवऱ्याने विचारलं.

"तू जरा चालून दाखव," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. शर्ट वर कर."

धाकटा बिचारा खोलीत शर्ट वर धरून येरझाऱ्या घालत राहिला आणि बायको त्याच्या कमरेवर हात ठेवून मागे मागे. शेजारीण दारात आली, तिने हे पाहिलं आणि वाटीभर साखर न मागताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने जुना पट्टा उसवला. नवा कुठे बसायला हवा हे आता तिला माहीत होतं: खाली, कमरेच्या हाडांवर, जिथे ते विचारणं चालतं तिथे. सरळ पट्टी वर सरकते, म्हणून तिने ती किंचित कमानीत कापली. वरची कड आखूड, खालची लांब. तशी कापली की पट्टी हाडाच्या उतारावर बसते आणि तिथून हलत नाही. पण मुठीपाशी येऊन तिचा खडू थबकला. मूठ कुठे? किती उंचीवर? आडवी की उभी? तिने दादांची मापं काढून पाहिली. छाती, कंबर, मांडी, सगळं होतं. त्यात उत्तर नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण पट्टे करतो आहोत, पण माप नेहमी पडणाऱ्याचंच घेतलं. आपल्या धंद्यात धरणारी ती तुळई, नाहीतर खांब. तुळईचं माप कोण घेतो?

ती टेप घेऊन खाली गेली. थोरली घड्या घालत बसली होती.

"वहिनी, उभ्या राहा. तुमचं माप घ्यायचंय."

"माझं? पट्टा त्यांना, माप माझं? चष्म्याचा नंबर काढ बाई आधी."

"हात खाली सोडा. सैल. हां, आता कोपर वाकवा."

कोपराची जमिनीपासूनची उंची. कोपर ते मनगट. तळव्याची रुंदी. धाकटीने टेप गुंडाळला, तेव्हा थोरलीचा दंड तिच्या बोटांच्या वेढ्यात मावला. पूर्वी मावायचा नाही. याच दंडाने तिने लग्नानंतर धाकटीचं सामान जिन्यावरून वर चढवलं होतं, मुंगीच्या जन्माच्या वेळी धाकटीला धरून ठेवलं होतं. मनगट प्लास्टरमधून निघाल्यावर फिकट, काडीसारखं झालं होतं.

"अशी मूठ धरली तर दुखतं?" धाकटीने तिचा पंजा आडवा वळवला.

"दुखतं."

"अशी?" तिने तळवा वरच्या बाजूला केला. पाण्याची बादली नव्हे, तान्ह्या मुलाचं बूड धरावं तसा.

थोरलीने जरा विचार केला. "अशी नाही दुखत. भार मनगटात येत नाही, कोपरात जातो." मग तिने तळवा पुन्हा एकदा तसाच वळवून पाहिला. "अगं, इतके दिवस डॉक्टर आले, बाई आल्या, नातेवाईक आले. सगळे यांनाच विचारतात, दुखतं का. बरोबर आहे म्हणा, दुखणं यांचंच." तिने घडी उचलली. "पण तू विचारलंस ते बरं वाटलं."

धाकटीने मान खाली घालून माप दुसऱ्यांदा घेतलं, जरी पहिल्यांदा बरोबरच आलं होतं.

मूठ तिने तिरकी शिवली, थोरलीच्या तळव्याच्या रुंदीची, तिच्या कोपराच्या उंचीला. एक मागे, एक डाव्या बाजूला. बंद कडी कुठेच ठेवली नाही. हात सोडायचा म्हटलं की सुटला पाहिजे. खांद्यावरच्या पट्ट्या गेल्या, मांडीवरच्या गेल्या. शेवटी जे उरलं ते इतकं साधं दिसत होतं की तिला वाटलं, हे पाहून कारखान्यातले म्हणतील, बाकीचं कुठे गेलं?

पण दादा बांधून घेईनात.

"बांधायला काय, बांधीन. पण धरेल तो," ते भावाकडे बोट दाखवून म्हणाले.

"तो दिवसभर कामावर असतो," बाई म्हणाल्या. "चालायचं रोज, आणि दिवसातून बरेचदा."

"मग राहू द्या."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी बैठकीच्या खोलीत दोन गाद्या अंथरल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "बांध तो तुझ्याच कमरेला. तू दादा. वहिनी, तुम्ही हिच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. मूठ धरा. आता ही पडेल. तिला वर ओढायचं नाही."

"मग?"

"स्वतःकडे ओढायचं. पाय फाकवा, एक पाय तिच्या मागे सरकवा, मांडी तिरकी करा, आणि तिला त्या मांडीवरून खाली घसरू द्या. तुम्ही घसरगुंडी व्हा."

"आता या वयात घसरगुंडी," थोरली म्हणाली, पण तिने पदर खोचला.

पहिल्या वेळी दोघी जावा एकमेकींत गुंतून अशा पडल्या की मुंगी टाळ्या पिटू लागली. दुसऱ्या वेळी थोरलीने मांडी चुकीची दिली. तिसऱ्या वेळी धाकटी खरंच घसरत, सावकाश, गादीवर जाऊन बसली, आणि थोरली वर उभीच्या उभी. धाकटी परत उठली. परत पडली. दादा तोंड फिरवून बाहेर बघत होते. हळूहळू बाहेर बघायचं राहिलं.

"तशी नाही," एकदम ते म्हणाले.

दोघी थांबल्या.

"तशी नाही पडत मी. ही गुडघा पुढे टाकते. माझा आतल्या बाजूला मुडपतो. आणि त्याच्या आधी टाच थरथरते."

"टाच?" बाई पुढे आल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलंत, दुखतं का. दुखत नाही. थरथरते."

"बरं, आतल्या बाजूला," धाकटी म्हणाली, आणि गुडघा आत मुडपून पडली. थोरलीने तिला मांडीवर घेतलं, पण कलती बाजू तिला उमगली नव्हती, दोघी डोलल्या.

"अगं, उजवं पाऊल अजून आत घे," दादा थोरलीला म्हणाले. "मी तिकडेच येणार ना तुझ्यावर. तिकडेच जागा कर."

थोरलीने जागा केली. धाकटी पडली. यावेळी नीट. मग अजून एकदा. दादा आता खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि ट्रक मागे घेणाऱ्याला सांगावं तशा हाताने खुणा करत होते: आत, अजून आत, बास.

"ही कापूस आहे," शेवटी ते म्हणाले. "हिला काय, कुणीही झेलेल."

"मग कापूस नसलेल्याने या ना," थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती, केस सुटले होते. "अहो, मी तिला पाडून पाडून दमले."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे. 

"बांध," ते म्हणाले. "एकदाच."

धाकटीने पट्टा बांधला. कमानीची कड हाडावर बसली आणि बसूनच राहिली. थोरली डाव्या बाजूला आली. तिचा तळवा वर झाला, तिरक्या मुठीत शिरला, आणि तिचं कोपर आपसूक बरगडीला टेकलं. चवडे उंचवावे लागले नाहीत. धाकट्याने पुढे यायला पाऊल टाकलं, तर बाईंनी त्याला बाहीला धरून मागे घेतलं. त्यांनी स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधले, पण उभ्या राहिल्या दादांपासून हातभर अंतरावर.

दादा उठले. उभे राहिले. थोरलीने डोळे मिटले, स्वयंपाकघरात धाकटीने मिटले होते तसे.

"अगं, डोळे उघडे ठेव," दादा म्हणाले.

"गप्प बसा. मला ऐकू द्या."

दादा पुढे कलले. यावेळी कुणी मागे खेचलं नाही. "उजवा," थोरली म्हणाली, आणि उजवा पाय उठला. दादांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "डावा येतोय," ती म्हणाली, आणि तोही आला, जड, ओढत, पण आला. "तुला कसं..." दादा म्हणू लागले. "उजवा." ते दोघं गादीची कड ओलांडून मोकळ्या फरशीवर गेले, पलीकडच्या भिंतीकडे. बोलणं कुणाचं आणि पाऊल कुणाचं हे वेगळं करता येईना.

आणि भिंतीच्या अलीकडे गुडघा गेला.

धाकटीला ते आधी दिसलं नाही. तिला दिसली थोरली. तिचे डोळे एकदम उघडले, उजवं पाऊल आत सरकलं, जागा झाली, आणि मग दादांचा तो एवढा थोरला देह कोसळायला लागला. बाईंचे हात पाठीमागून सुटले. पण पुढे गेले नाहीत. थोरलीने ओढलं, वर नव्हे, स्वतःकडे, आणि दादा तिच्या मांडीवर आले, मांडीवरून घसरले, तिच्या गुडघ्यावरून, पोटरीवरून, सावकाश, दूध उतू जाताना भांड्याच्या कडेवरून उतरतं तसे, आणि फरशीवर बसले. नुसते बसले. आवाजसुद्धा आला नाही.

धाकटीने आयुष्यात हजारो पोती पडताना पाहिली होती. प्रत्येक पोतं झटक्याने थांबलं होतं, गरागरा फिरलं होतं. कुणालाही असं जमिनीवर ठेवलेलं तिने पाहिलं नव्हतं. हे आपल्या हातून झालं की काय, असा एक विचार आला, आणि लगेच कळलं की नाही, आपण फक्त एक मूठ शिवली. बाकी सगळं आधीच होतं, त्या दोघांच्या हाडांत, कधीपासूनचं.

दादांनी वर पाहिलं. थोरली उभी होती. मूठ अजून तिच्या हातात होती. दादांनी तो हात खाली ओढून घेतला आणि मनगट चाचपलं, मग एकेक बोट.

"हलव," ते म्हणाले.

तिने बोटं हलवली.

"दुखतं?"

"नाही."

"खरं सांग."

"अहो, नाही म्हणतेय ना. माझ्यापेक्षा तुमची बैठक नीट झाली का ते बघा."

दादांनी दाढी खाजवली. मग पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. ती अजून थोडी लांब होती.

"उठव मला," ते म्हणाले. "तिथपर्यंत जायचं राहिलंय."

धाकट्याने खुर्ची आणली, बाईंनी गुडघ्यावर कसं यायचं ते सांगितलं, आणि दादा खुर्चीला धरून, कण्हत, घाम गाळत परत उभे राहिले. थोरली परत डाव्या बाजूला आली, अर्धं पाऊल मागे. तिने मूठ धरली. धाकटी गुडघ्यांवर बसून त्या दोघांच्या कमरा बघत होती, एक रुंद, एक अगदी बारीक. त्या थोड्या सरकल्या, दोन्ही एकदमच, एकाच बाजूला, आणि मग दादांचं पाऊल उठलं. तिने डोळ्यांत जीव आणून पाहिलं, तरी त्या दोघांत आधी कोण हललं, ते तिला कळलं नाही.